भाऊंचा फोटो लावण्याआधी

केरी, पेडणे

चि. बाळास,


निवडणुकीच्या फलकावर भाऊंचा, म्हणजे भाऊसाहेब बांदोडकरांचा, फोटो घ्यायचा की नाही, असे तू फोनवर विचारलेस आणि छापखानेवाला थांबलाय म्हणून घाईने फोन ठेवलास. "घे, चार मते वाढतील" हे उत्तर तुझ्या मित्रांनी तुला आधीच दिले असणार. मला त्याहून जास्त सांगायचे आहे आणि ते फोनवर सांगण्यासारखे नाही. छापखान्याला आठवडाभर थांबू दे.

आज गोव्यात भाऊंचा फोटो न लावणारा पक्ष शोधून सापडणार नाही. जे त्यांच्या विरोधात होते त्यांचे वारसही १२ ऑगस्टला मिरामारच्या समाधीवर हार घेऊन जातात. तेव्हा नुसत्या फोटोने तू कोणाचा, हे काहीच कळत नाही. फोटोतला माणूस काय करून गेला ते तुला नीट माहीत असले, तर मग फोटो लाव की लावू नकोस, मला फरक पडत नाही.

दयानंद बाळकृष्ण बांदोडकर आपल्या पेडण्याचे. जन्म १२ मार्च १९११. खाणीच्या धंद्यात त्यांनी पैसा कमावला, आणि १९६३ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) उभा राहिला तेव्हा गोव्यातल्या मोठ्या धनिकांत त्यांची गणना होत होती. एका खाणमालकाला उघड्या अंगाने शेतात राबणाऱ्या कुळांनी आपला माणूस का मानले, हा प्रश्न तू स्वतःला विचारावास असे मला वाटते. एक कारण सरळ आहे. देवळाच्या सेवेला बांधलेल्या आणि त्यासाठीच हिणवल्या गेलेल्या समाजात ते जन्मले होते, त्यामुळे पायरीखाली उभे राहणे म्हणजे काय ते त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुसरे कारण त्यांचा मोकळा हात. शाळेला, देवळाला, नाटकमंडळींना, गवयाला, खेळाडूला, आजाऱ्याला ते देत. दारात आलेला माणूस सहसा रिकामा जात नसे.

तुझे मित्र या दुसऱ्या कारणावर अडकले आहेत. त्यांना वाटते, भाऊ म्हणजे वाटणारा हात, आपणही वाटू. चवथीला माटोळीचे सामान, जूनमध्ये वह्या, मे महिन्यात क्रिकेटच्या स्पर्धा आणि छातीवर तुझे नाव छापलेले टी-शर्ट. पण नुसते वाटून कोणी भाऊ झाला असता, तर गोव्यात आज प्रत्येक तालुक्यात चार-चार भाऊ दिसले असते.

९ डिसेंबर १९६३ ला गोव्यात विधानसभेसाठी पहिल्यांदा प्रत्येक सज्ञान माणसाला मत देता आले. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अमदानीनंतर दोनच वर्षांनी. काँग्रेसला वाटले होते की मुक्ती दिल्लीने दिली, म्हणजे मते आपलीच. गोव्यात तिला एकही जागा मिळाली नाही; जी एक मिळाली ती दमणमध्ये. तीस जणांच्या सभागृहात मगो आणि त्याच्या बाजूचे मिळून सोळा, युनायटेड गोवन्स पक्षाचे बारा. गंमत म्हणजे भाऊ स्वतः त्या निवडणुकीला उभेच नव्हते. २० डिसेंबरला मुख्यमंत्री झाले, आणि नंतर मडकईहून पोटनिवडणुकीत निवडून आले. पेडण्याच्या माणसाला फोंडा तालुक्याने निवडून दिले, तेव्हा तू म्हापशात राहतोस आणि मांद्रेतून उभा राहतोस म्हणून कोणी टोमणे मारले तर फार मनावर घेऊ नकोस. मात्र भाऊ मडकईला कशामुळे आपले वाटले, त्याचा विचार कर.

त्याचे उत्तर जमिनीत आहे. आपल्या पेडणे महालातली कितीतरी जमीन मोजक्या घराण्यांच्या नावावर होती. देशप्रभू हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. तुझे आजोबा, म्हणजे माझे वडील, कूळ होते. मळणी झाली की भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, माणूस खळ्यावर येऊन बसे आणि भाताचा वाटा त्याच्यासमोर मोजला जाई. किती द्यायचे ते तो सांगे. त्यावर बोलायचे नसते, हे आम्हा पोरांनाही कळत होते. १९६४ चा कूळ कायदा आला आणि त्यात लिहिले होते की खंड पिकाच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त घेता येणार नाही, आणि कुळाला वाटेल तेव्हा काढता येणार नाही. माझे वडील जेमतेम सही करणारे. त्यांना कलम-बिलम कळत नव्हते, पण सहापैकी एक हे गणित त्यांना पक्के कळले. पुढच्या हंगामात त्यांनी पाच वाटे एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला ओढला. भाटकाराच्या माणसाला त्यांनी बसायला पाटही दिला, आणि चहाही. फक्त मोजताना विचारले नाही.

हे मी तुला आठवणीची हौस म्हणून सांगत नाही. त्या दिवशी भाऊ पणजीत होते. आमच्या वडिलांनी त्यांना उभ्या आयुष्यात एकदा, तेही सभेत लांबून पाहिले असेल. भाऊंनी आमच्या घरी एक पैसा दिला नाही, कोणाला चिठ्ठी दिली नाही, कोणाला फोन केला नाही. आणि तरी माझ्या वडिलांनी मरेपर्यंत मगोच्या सिंहाशिवाय दुसऱ्या निशाणीवर शिक्का मारला नाही. ज्यांना भाऊंच्या हातून थेट काही मिळाले, त्यांतले किती पुढे टिकले आणि किती दुसरीकडे गेले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण ज्यांना कायद्याने मिळाले त्यांची पुढची पिढीसुद्धा अजून भाऊंचे नाव घेते.

म्हणून तुझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कामाला एक प्रश्न लाव. हे काम केल्यावर हा माणूस पुन्हा याच कामासाठी माझ्याकडे येणार आहे का? येणार असेल तर तू त्याला मदत केलीस, पण त्याची अडचण होती तिथेच ठेवलीस. कधी कधी तेवढेच करता येते, ते मी नाकारत नाही. ताप आलेल्या पोराला इस्पितळात पोचवणारी गाडी आज लागते. पण तुझ्या दारातली रांग दर वर्षी लांब होत असेल तर त्याचा अभिमान बाळगू नकोस.

महाराष्ट्रात वि. स. पागे नावाचे गृहस्थ होते, विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम, ही रोजगार हमीची कल्पना त्यांची. १९७२ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. लाखो माणसे त्या कामावर जगली. त्यांतल्या किती जणांना पाग्यांचे नाव माहीत होते? फलकावर त्यांचा फोटो मी तरी पाहिलेला नाही. तिकडे मद्रासला एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये शाळेतल्या पोरांच्या जेवणाची योजना वाढवली आणि ती कायम त्यांच्या नावाने ओळखली गेली. दोघांनीही माणसे जगवली. राजकारणात राहायचे तर नाव लागते, हे मला समजते. तू पागे हो असे मी म्हणणार नाही, तुझ्याच्याने ते होणारही नाही. पण निदान योजना अशी कर की तुझे नाव पुसले तरी ती चालू राहील. आपल्याकडे पर्रीकरांच्या काळात वृद्ध, विधवा, अपंगांना महिन्याला पैसे देणारी योजना सुरू झाली आणि तिला दयानंद सामाजिक सुरक्षा योजना असे नाव दिले. ते पैसे बँकेत जमा होतात. म्हातारीला कोणाच्या दारी जावे लागत नाही. हे मला भाऊंच्या पुतळ्यापेक्षा जास्त शोभणारे स्मारक वाटते. पण त्याच पैशांचा अर्ज भरून द्यायला पंच दोन फेऱ्या मारायला लावतो, तेव्हा तेही बिघडते.

आता भाऊंच्या पराभवाबद्दल. हा भाग मगोवाले सभेत सांगत नाहीत. भाऊंचा सगळा पक्षच गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणावर उभा होता, नावातच होते. जनमत कौल ठरला. विरोधकांनी म्हटले, तुम्ही खुर्चीवर असताना कौल निष्पक्ष होणार नाही. डिसेंबर १९६६ मध्ये भाऊंच्या सरकारने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झाले. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे संघप्रदेश. आपल्या पेडण्याने फूल घेतले. डिचोली, सत्तरीही त्याच बाजूला. पण एकूण गोव्यात दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांनी हरलो. मी तेव्हा शाळेत होतो. गावात दोन दिवस कोणी मोठ्याने बोलत नव्हते.

विलीनीकरणाच्या विरोधातली जोरदार मोहीम मराठीतूनही चालली होती, 'राष्ट्रमत' हे मराठी दैनिक त्यात पुढे होते. म्हणून मराठी वाचणारा म्हणजे आपल्याच बाजूचा, असा हिशेब तेव्हाही चुकला आणि आजही चुकेल. तुझ्या त्या पोरांना सांग, घराघराच्या नावापुढे खूण करून 'आमचा', 'त्यांचा' असे लिहीत फिरू नका.

पण खरी गोष्ट पुढे आहे. कौलानंतर दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि लोकांनी पुन्हा मगोलाच सत्ता दिली. भाऊ पुन्हा मुख्यमंत्री. म्हणजे ज्या मतदारांनी जानेवारीत भाऊंना नाही म्हटले, त्यांतल्याच कोणी कोणी मार्चमध्ये भाऊंना होय म्हटले. राज्य तुम्ही करा, पण इथेच करा. मला हा गोव्याच्या राजकारणातला सर्वांत शहाणा निकाल वाटतो, आणि भाऊंनीही तो गिळला हे त्यांच्या मोठेपणात धरतो. लोक तुझ्यावर जीव टाकतील आणि तरी एखाद्या गोष्टीत साफ नाही म्हणतील. तेव्हा त्यांना कृतघ्न म्हणू नकोस. तुझ्या आईचा स्वभाव तुझ्यात आहे, लवकर रुसतोस, म्हणून मुद्दाम लिहितो.

१९७० मध्ये त्यांच्याच पक्षातल्या काही आमदारांनी बंड केले. भाऊ त्यातून निभावले, १९७२ ला अठरा जागा घेऊन परत आले. पण बंड का झाले, हे विचारायला हवे होते. पक्ष म्हणजे भाऊ, निर्णय म्हणजे भाऊ, तिकीट म्हणजे भाऊ. १२ ऑगस्ट १९७३ ला ते गेले आणि पक्षाने दुसरीकडे न पाहता त्यांच्या मुलीला, शशिकलाताईंना, मुख्यमंत्री केले. ताई खमक्या होत्या. मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या जागेत घर करून राहणाऱ्यांना, राहत्या घरातून काढता येऊ नये असा १९७५ चा कायदा त्यांच्या काळातला, आणि कसेल त्याची जमीन करणारी कूळ कायद्याची पाचवी दुरुस्तीही त्यांचीच. २० एप्रिल १९७६ हा तो दिवस, त्या दिवशी कूळ मालक मानला गेला. पण एप्रिल १९७९ मध्ये त्यांचे सरकार पडले ते स्वतःच्या पक्षातल्या माणसांमुळे. पुढच्या वर्षी काँग्रेस आली आणि मगो पुन्हा कधी स्वबळावर सत्तेत आला नाही. ज्या पक्षाने कुळाला भाटकारासमोर ताठ उभे केले, त्या पक्षात भाऊंसमोर ताठ उभे राहायची सोय नव्हती. तुझ्याभोवती आता जी सात-आठ पोरे आहेत, त्यांतला एक तरी तुला तोंडावर चूक म्हणतो का? नसेल तर तसा एक शोध आणि त्याला सांभाळ.

पुढचा इतिहास तुला माहीत आहे, वाचून लाज वाटते. १९९० मध्ये अठरा दिवसांचा मुख्यमंत्री, १९९४ मध्ये सहा दिवसांचा. मार्च २०१९ च्या एका मध्यरात्री मगोचे तीनपैकी दोन आमदार भाजपमध्ये विलीन झाले, त्यातले एक आपल्या पेडण्याचे. जुलैत काँग्रेसचे दहा गेले. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. सप्टेंबरमध्ये अकरातले आठ भाजपमध्ये. आपल्याच मांद्रे मतदारसंघाने २०१७ मध्ये खुर्चीवर असलेल्या मुख्यमंत्र्याला, तेही हरमलच्या आपल्या माणसाला, घरी बसवले. ज्यांना निवडले ते दीड वर्षात पलीकडे गेले, पोटनिवडणूक जिंकले आणि २०२२ ला हरले. आणि तेव्हा जिंकलेला मगो तृणमूलसोबत लढून निकालानंतर भाजपच्या सरकारात जाऊन बसला. तुला कोणीतरी सांगेल, देवासमोर नारळ ठेवून शपथ घे. घेऊ नकोस. देवाला साक्षीदार करून मतदाराला गप्प बसवणे मला पटत नाही. त्याऐवजी एका कागदावर लिही की पक्ष बदलावासा वाटला तर आधी आमदारकी सोडेन आणि पुन्हा मत मागेन. सही करून पंचायतीच्या फळ्यावर लाव.

आपल्याकडे एका मतदारसंघात पंचवीस-तीस हजार मतदार. महाराष्ट्रातला आमदार लाखांशी बोलतो, तू घराघराशी बोलणार. त्यामुळे इथे लोकप्रियता किरकोळीने विकली जाते, आणि तिचा सर्वांत महाग माल म्हणजे सरकारी नोकरी. प्रत्येक आई तुला एकच गोष्ट मागणार: माझ्या झिलाक खंय तरी लाय. २०२४ च्या शेवटी नोकरीसाठी पैसे घेतल्याची प्रकरणे बाहेर आली, माणसांना अटकही झाली. दहा जागा असताना दोनशे घरांना आशा दाखवणारा माणूस एकशे नव्वद घरांना फसवतो, पैसे घेवो न घेवो. तू "नाही" म्हणायला आजपासून शीक.

आता जे सर्वांत जड आहे ते. तुझ्या प्रचाराला पहिली मदत कोण देऊ करेल, मला माहीत आहे. जमिनीचा दलाल. मोप विमानतळ झाल्यापासून पेडण्यात जमीन म्हणजे सोने, आणि केरी-पालये-हरमलची किनारपट्टी तर विचारूच नकोस. डोंगर बघून दिल्ली-हैदराबादचे लोक भाव लावतात. शहर व ग्रामनियोजन कायद्यातली १७(२) आणि ३९अ ही कलमे आली, तेव्हापासून शेत आणि बाग एका अर्जाने वसाहत होते की काय, या धास्तीने लोकांनी सभा घेतल्या, न्यायालयात धाव घेतली. आणि विकणारा कोण? पुष्कळदा कुळाचाच नातू. आजोबाने सहापैकी पाच वाटे ओढून मिळवलेली जमीन तो तीस दिवसांच्या आगाऊ रकमेवर देऊन टाकतो. २०२३ मध्ये शेतजमीन बिगरशेतकऱ्याला देण्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला, पण आधीच जे गेले ते गेले. मी त्या नातवाला दोष देणार नाही. शेती परवडत नाही, माणूस मिळत नाही, रानडुक्कर ठेवत नाही. पण उद्या त्याचा पैसा संपेल आणि तो तुझ्या दारात नोकरी मागायला येईल. म्हणून दलालाचा एक रुपया घेऊ नकोस. फलक कमी लागले तर लागू देत.

आणि भाऊंचे जे अर्धे राहिले आहे ते तू पुरे करू शकतोस. त्याला मंत्रिपद लागत नाही. पाचवी दुरुस्ती होऊन इतकी वर्षे झाली तरी कितीतरी कुळांच्या हातात खरेदीचा दाखला नाही. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात नाव आहे, पण आधी कूळ असल्याचा निवाडा, मग किंमत, मग दाखला, या तीन पायऱ्यांत कुठेतरी प्रकरण थांबले आहे. मधे २०१४ मध्ये ही प्रकरणे मामलेदाराकडून काढून दिवाणी न्यायालयात नेली आणि अर्ज करायला मुदत घातली. कुळांनी गिल्ला केला, मग ती परत मामलेदाराकडे आली. या ये-जा करण्यात किती फायली निवांत झोपल्या असतील! मुंडकारांचे तेच. घर त्याचे, जागा भाटकाराची.

एवढे कर. येत्या सोमवारी पेडण्याच्या मामलेदार कचेरीत जा आणि केरी पंचायतीतल्या कूळ व मुंडकार प्रकरणांची यादी माग. देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज टाक. यादी मिळाली की आपल्या वाड्यावरून सुरुवात कर. प्रत्येक घरी उताऱ्याची प्रत घेऊन बस, काय कमी आहे ते लिहून घे. तुझ्या वर्गातली ती पोरगी म्हापशात वकिली करते, तिला महिन्यातला एक शनिवार माग. मी माझ्या वडिलांचे जुने कागद काढून ठेवले आहेत, त्यात खंडाच्या पावत्या आहेत. पावती कशी वाचायची ते तुला दाखवीन. शनिवारी दुपारच्या आत ये, संध्याकाळी मला देवळाच्या कमिटीची बैठक आहे. येताना म्हापशाहून माझ्या चष्म्याची काच घेऊन ये, बिल मी देईन.

तुझा,
मामा